शाळा सोडताना मुलांच्या हाती काय द्यायचे? दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राबद्दल एक प्रस्ताव

दांडियाबाजारकर

बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले आणि त्यांपैकी बावीस वर्षे दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्त होऊन आता सहा वर्षे झाली, तरी मे महिन्यात निकाल लागला की माजी विद्यार्थी आपल्या मुलांच्या गुणपत्रिका घेऊन घरी येतात आणि विचारतात, 'सर, एवढ्यावर काय मिळेल?' मुलाला काय येते, असे निकालाच्या दिवशी मला आजवर कोणीही विचारलेले नाही. आणि विचारले असते तरी त्या कागदाकडे पाहून मला उत्तर देता आले नसते.

मला मांडायचे आहे ते असे, की आपली शालान्त परीक्षा एकाच वेळी दोन कामे करू पाहते आणि त्यामुळे दोन्ही बिघडतात. पहिले काम प्रमाणित करण्याचे: दहा किंवा बारा वर्षे शिकून या मुलीला इतके वाचता, लिहिता, मोजता आणि समजून घेता येते असे खात्रीने सांगणे. दुसरे काम निवडीचे: जागा शंभर आणि अर्जदार हजार असतील तर कोणाला घ्यायचे ते ठरवणे. प्रमाणपत्राच्या दृष्टीने सगळी मुले उत्तीर्ण झाली तर तो आनंदाचा दिवस असतो. निवडीसाठी मात्र मुलांमध्ये अंतर पडावेच लागते, म्हणून काही प्रश्न मुद्दाम असे घालावे लागतात की जे बहुतेकांना सुटू नयेत. एकच प्रश्नपत्रिका हे दोन्ही करू लागली की वरच्या मुलांसाठी ती शर्यत होते, आणि खालच्या मुलांना तिच्यातून फक्त एक शेरा मिळतो.

त्या शेऱ्याची किंमत काय असते हे एका मुलीच्या उदाहरणाने सांगतो. तिचे पाच विषय साठाच्या वर होते, चित्रकलेत ती शाळेत पहिली होती आणि तिचे गुजराती व मराठी लेखन इतके स्वच्छ होते की शाळेची पत्रे आम्ही तिच्याकडून लिहून घेत असू. गणिताच्या लेखी परीक्षेत तिला ८० पैकी १९ गुण मिळाले आणि संपूर्ण गुणपत्रिकेवर एकच निकाल उमटला. पूरक परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, परंतु तोवर घराजवळच्या शाळांतील अकरावीच्या जागा भरल्या होत्या आणि तिचे वर्ष गेले. पाच विषयांत तिने जे मिळवले होते ते त्या वर्षी कोणाच्याच हिशेबात नव्हते. तिचे गणित कच्चे राहिले यात माझाही वाटा होता, हे मी विसरलेलो नाही. तरीही एका विषयातील उणिवेने पाच विषयांतील कमाई गोठवून ठेवावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

यात नवे काही नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांची संख्या कमी करण्याची, आकडी गुणांऐवजी श्रेणी देण्याची आणि शाळेतील वर्षभराच्या नोंदींना वजन देण्याची शिफारस केली होती. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर स्पष्ट सुचवले होते की, प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयातील कामगिरी लिहावी, संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा मारू नये आणि कामगिरी सुधारण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा बसू द्यावे. त्या अहवालातला १०+२+३ हा आकृतिबंध आपण उचलला. परीक्षेबद्दलची ही शिफारस मात्र सहा दशके तशीच पडून आहे.

माझा प्रस्ताव असा. प्रमाणपत्र विषयवार असावे आणि प्रत्येक विषय स्वतंत्रपणे कमावता यावा. कमावलेला विषय कायमचा जमा राहावा. परीक्षा वर्षातून किमान दोनदा व्हावी आणि विद्यार्थ्याने तयारी असेल त्या विषयांना बसावे. सर्वांना आवश्यक अशा दोनच गोष्टी ठेवाव्यात: एका भाषेत समजून वाचणे व नीट लिहिणे, आणि व्यवहारातले गणित. या दोहोंची पातळी आधी जाहीर केलेली असावी आणि मुलांच्या टक्केवारीप्रमाणे ती वरखाली होऊ नये. निवडीचे काम ज्याला निवड करायची आहे त्याने करावे. तसेही वैद्यकीयसाठी नीट, अभियांत्रिकीसाठी जेईई आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सीयूईटी यांनी ते काम मंडळांकडून बरेचसे काढून घेतलेच आहे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणणार असेल तर त्याने आपल्याच देशातील राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे पाहावे. १९७९ मध्ये केंद्रीय मंडळाचा (सीबीएसईचा) एक प्रकल्प म्हणून ते सुरू झाले आणि १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था बनले. तिथे नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते, विषय एकेक करून पूर्ण करता येतात आणि त्या पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. म्हणजे ही पद्धत चालते. प्रश्न इतकाच, की जी मुभा ज्या मुलांना शाळा सोडावी लागली त्यांना मिळते, ती शाळेत बसलेल्या मुलांना का मिळू नये.

शिक्षक, पालक, कारखानदार, अलीकडे परीक्षा दिलेली मुले अशा सर्वांची मते मला हवी आहेत.


यंत्रशाळा_मकरपुरा

सर, मी मकरपुरा जीआयडीसीत सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना चालवतो. माझ्याकडे दरवर्षी सात-आठ नवी मुले कामाला लागतात. कोणी दहावी, कोणी बारावी, कोणी आयटीआय झालेला. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला पाच मिनिटांचे काम देतो. व्हर्नियर हातात देऊन एका दांड्याचा व्यास मोजायला सांगतो, ड्रॉइंगमध्ये २५ मिलिमीटर अधिक-उणे ०.०५ लिहिले असेल तर मोजलेला तुकडा घ्यायचा की टाकायचा ते विचारतो, आणि मशीनवरची सूचना वाचून तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. ऐंशी टक्क्यांच्या मुलाला दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक कळत नाही आणि पंचेचाळीस टक्क्यांचा मुलगा क्षणात सांगतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मी गुणपत्रिकेचे फक्त जन्मतारखेचे कलम वाचतो.

आपल्या गुजरातच्या गुणपत्रिकेवर पर्सेंटाइल रँकही छापलेला असतो. तो मुलाच्या मागे किती मुले आहेत ते सांगतो, आणि मला ती माहिती काहीच उपयोगाची नाही. मला हवे ते आपण म्हणता तेच: हा मुलगा अपूर्णांक, दशांश, टक्केवारी आणि क्षेत्रफळ बिनचूक करतो, असे कोणीतरी जबाबदारीने लिहून द्यावे. ते पान खरे असेल तर माझी पाच मिनिटे वाचतील, आणि ज्याच्याकडे गुण कमी पण समज आहे त्या मुलाला माझ्या दारापर्यंत तरी येता येईल.

मात्र एक गोष्ट आपल्या प्रस्तावात मला कमी वाटली. हाताच्या कामाचा विषय त्या प्रमाणपत्रात इतर विषयांच्या बरोबरीने बसला पाहिजे. हे बडोद्याच्या लोकांनी सांगायला हवे, कारण सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन उघडले आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिले तेव्हा रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला, वास्तुकला हे विषय लोकांच्या भाषेत आणि प्रतिष्ठेने शिकवायचे हाच तिथला विचार होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच कलाभवनातून पुढे आपल्या विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा उभी राहिली. आज मात्र आयटीआय म्हणजे दहावीत कमी पडलेल्यांची जागा असे घरोघरी बोलले जाते. माझ्या स्वतःच्या भावानेही मुलाला आयटीआयला घातले तेव्हा नातेवाईकांना सहा महिने सांगितले नव्हते.

आयटीआय झालेल्या मुलाला मुक्त विद्यालयाचा भाषेचा पेपर वगैरे देऊन दहावी-बारावीची समकक्षता मिळते, हे मला माहीत आहे. पण समकक्षता मागून मिळवावी लागते, आणि जे मागून मिळवावे लागते त्याला बरोबरीचे कोणी मानत नाही. फिटरचे काम दोन वर्षे शिकलेल्या मुलाच्या त्याच एका प्रमाणपत्रावर गणित, भाषा आणि फिटरकाम असे तीन विषय शेजारी-शेजारी छापलेले असतील, आणि पुढे डिप्लोमाला जाताना ते तिन्ही मोजले जाणार असतील, तर मी माझ्या मुलालाही त्या वाटेने पाठवीन.


मांजलपूरची_आई

सरांचे सर्व पटले, परंतु पालक म्हणून एक भीती बोलून दाखवते. माझा मुलगा दहावीला केंद्रीय मंडळाच्या शाळेत आहे. २०२६ पासून त्यांच्याकडे दहावीच्या दोन परीक्षा सुरू झाल्या; फेब्रुवारीची सर्वांना सक्तीची आणि मे महिन्याची ऐच्छिक, जास्तीत जास्त तीन विषयांसाठी. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा त्यामागचा हेतू आहे. आमच्या सोसायटीत घडले ते असे, की दुसऱ्या परीक्षेसाठी वेगळ्या वर्गाची जाहिरात शिकवणीवाल्यांनी पहिली परीक्षा होण्यापूर्वीच लावली, आणि ज्या मुलांना अठ्ठ्याऐंशी-नव्वद मिळण्याची आशा आहे त्यांचेच पालक त्यात पैसे भरू लागले. जिथे एकच उन्हाळा मोकळा मिळत होता तोही गेला.

दुसरी संधी ज्याला विषय आला नाही त्याच्यासाठी आहे की ज्याला नव्वदाचे पंच्याण्णव करायचे आहेत त्याच्यासाठी, हे आधी ठरले पाहिजे. गुणांचा आकडा जोपर्यंत छापला जातो तोपर्यंत जितक्या परीक्षा ठेवाल तितक्या शर्यती होतील, असे मला वाटते.


विद्यापीठ_फतेगंज

मी विद्यापीठात शिकवते आणि प्रवेश समितीचे काम काही वर्षे पाहिले आहे. दांडियाबाजारकर सरांच्या मूळ भूमिकेशी मी सहमत आहे, परंतु तिच्या दोन टोकांवर मला शंका आहेत आणि त्या थोड्या विस्ताराने मांडते.

पहिली शंका निवडीविषयी. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश वेगळ्या परीक्षांवर गेले हे खरे. तरी अभियांत्रिकीसाठी आपल्या राज्यात गुजसेट या राज्याच्या प्रवेश परीक्षेबरोबर बारावीचे गुणही धरले जातात. कला, वाणिज्य आणि विज्ञान या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२४ पासून जीकास या सामाईक पोर्टलवरून होतात आणि त्यांचा मुख्य आधार बारावीचे गुणच आहेत. बडोद्याच्या आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या मुलीला बारावीची परीक्षा तिच्या गावाजवळ, तिच्या माध्यमातून, तिने शिकलेल्या पुस्तकावर देता येते. निवड पूर्णपणे वेगळ्या परीक्षेकडे सोपवली तर त्या परीक्षेची तयारी विकत घ्यावी लागते. नीट आणि जेईईच्या बाबतीत झाले तेच: मुलाचे नाव एका शाळेत आणि मूल दिवसभर शिकवणीत, अशा नावापुरत्या शाळा उभ्या राहिल्या. म्हणून निवड काढून टाकताना ती कुठे जाऊन बसते याचा विचार आधी करावा लागेल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. शालान्त परीक्षेत सुधारणा म्हटले की वर्षभराच्या कामाला वजन द्या असे सुचवले जाते. 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राच्या अहवालात नववी ते बारावी या चार वर्षांना अनुक्रमे १५, २०, २५ आणि ४० टक्के वजन देऊन अंतिम निकाल तयार करावा असे सुचवलेले आहे. कल्पना वाईट नाही. जर्मनीत आबिटूर या शालान्त परीक्षेच्या एकूण ९०० गुणांपैकी ६०० गुण शेवटच्या दोन वर्षांतील वर्गकामाचे आणि ३०० अंतिम परीक्षेचे असतात, आणि ते प्रमाणपत्र तिथे आदराने स्वीकारले जाते. पण आपल्याकडे शाळेच्या हातातील २० गुणांचे काय होते ते येथील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. वर्गातील सर्वांना अठरा, एकोणीस, वीस. जी शाळा प्रामाणिकपणे बारा देते तिची मुले मागे पडतात, म्हणून दुसऱ्या वर्षी तीही अठरा देऊ लागते. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाली तेव्हा केंद्रीय मंडळाने बारावीचा निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के अशा सूत्राने लावला. शाळांनी गुण फुगवू नयेत म्हणून त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालाशी ते जुळवायला लावले, आणि त्यामुळे चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली नुकताच सुधारलेला वर्ग जुन्या निकालाच्या खाली दाबला गेला.

यावर एक उपाय ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात अनेक वर्षे वापरला जातो. तिथे विषयाचे निम्मे गुण शाळेचे असतात. शाळेने फक्त मुलांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतर सांगायचे. त्या शाळेच्या गुणांची सरासरी किती धरायची ते त्याच मुलांच्या बाह्य परीक्षेतील कामगिरीवरून ठरते. समजा, शाळेने सर्वांना २० पैकी सरासरी १८ दिले आणि लेखी परीक्षेत त्याच मुलांची सरासरी ८० पैकी ४० आली, तर शाळेचे गुण खाली ओढून सरासरी १० च्या जवळ आणले जातात, क्रम मात्र शिक्षकाने दिलेलाच राहतो. गुण फुगवण्यात काहीच फायदा उरत नाही, आणि वर्षभर मुलाला पाहणाऱ्या शिक्षकाचा शब्दही वाया जात नाही.

आणखी एक आठवण करून देते. आपल्या राज्यात २०११ पासून अकरावी-बारावी विज्ञानाला सत्र पद्धत आणली होती. पहिले आणि तिसरे सत्र पर्यायी प्रश्नांचे, दुसरे आणि चौथे लेखी उत्तरांचे. काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. त्या मुलांना मी पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवले आहे. अर्ध्या अभ्यासक्रमातील सिद्धता त्यांनी कधी लिहूनच पाहिल्या नव्हत्या, कारण त्या भागावर फक्त गोल काळे करायचे होते. परीक्षा किती वेळा होते यापेक्षा ती मुलाकडून काय करून घेते, याने शिकणे बदलते.


दुसऱ्यांदा_उत्तीर्ण

मी तेवीस वर्षांचा आहे आणि वाघोडिया रोडला राहतो. दहावीत विज्ञान आणि इंग्रजी असे दोन विषय राहिले होते. पुढच्या वर्षी ते सुटले, मग बारावी, आता बी.कॉम. झाले असून एका लेखापालांकडे काम करतो.

सरांनी मुक्त विद्यालयाचे उदाहरण दिले म्हणून सांगतो. माझ्या मित्राने त्याच वर्षी मुक्त विद्यालयातून दहावी केली. कायद्याने त्याचे प्रमाणपत्र माझ्या प्रमाणपत्राइतकेच मान्य आहे, पण मुलाखतीला जातो तिथे त्याला आजही 'नियमित शाळा का सोडली?' असे विचारले जाते आणि प्रत्येक वेळी त्याला वडिलांच्या आजारपणाची गोष्ट अनोळखी माणसांना सांगावी लागते. सवलत वेगळ्या खिडकीतून दिली की त्या खिडकीचे नावच कागदावर राहते. म्हणून विषय एकेक करून पूर्ण करण्याची सोय मुख्य मंडळानेच सर्वांना दिली पाहिजे, म्हणजे कोणी कसा पूर्ण केला हे विचारण्याचे कारण उरणार नाही.

आणि प्रयत्न किती झाले हे कृपया प्रमाणपत्रावर लिहू नये. गाडी चालवण्याचा परवाना कितव्या चाचणीत मिळाला हे परवान्यावर नसते. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा अनुत्तीर्ण हा शेरा काढून त्याऐवजी कौशल्यविकासास पात्र असा शेरा आणला होता. हेतू चांगला होता, पण ज्या मुलाच्या कागदावर तो शेरा येत असे त्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला. शब्द बदलून काही होत नाही, त्या मुलाला आलेले चार विषय त्याच्या नावावर जमा झाले पाहिजेत.


दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस विचार करून लिहितो आहे, कारण काही ठिकाणी मला माझे म्हणणे बदलावे लागले आहे.

यंत्रशाळा, हाताच्या कामाचा विषय माझ्या प्रस्तावात नव्हता ही माझी चूक होती, आणि कलाभवनाच्या गावात राहून ती व्हायला नको होती. तो विषय त्याच प्रमाणपत्रावर, त्याच अक्षरांत असावा. तुमची पाच मिनिटांची चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. व्यवहारगणिताचा पेपर कसा असावा असे कोणी विचारले तर मी तुमचे उदाहरण देईन: माप वाचणे, मर्यादा समजणे आणि निर्णय घेणे. आपल्याकडे दहावीला गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन स्तर आले आहेत. बेसिकचा पेपर हा स्टँडर्डची सोपी प्रत न राहता खरोखर या प्रकारचा झाला तर त्याला स्वतःची किंमत येईल.

ताई, मांजलपूरहून तुम्ही जे लिहिले त्यावर माझे उत्तर असे, की प्रमाणपत्राच्या परीक्षेचा निकाल तीन किंवा चार पातळ्यांत द्यावा, आकड्यांत देऊ नये. तपासनीस म्हणून मी शपथेवर सांगू शकतो की ७१ आणि ७३ यांतील फरक बहुतेक वेळा मुलाचा नसतो, तपासणाऱ्याचा असतो. एकच उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासली की दोन-चार गुणांचे अंतर पडते, हे आम्ही तपासणी केंद्रावर दरवर्षी पाहत होतो आणि नियामकांसमोर बसून मिटवत होतो. ज्या फरकाची आम्हाला स्वतःलाच खात्री नाही त्याच्यावर मुलाने उन्हाळा घालवू नये. पातळ्यांच्या सीमेवरही हाच प्रश्न येईल हे मला दिसते. म्हणून सीमेजवळच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेची दुसऱ्या तपासनीसाकडून नव्याने, पहिले गुण न दाखवता, तपासणी व्हावी. त्याला पैसे आणि दिवस लागतील. आज तपासनीसावर दिवसाला ठरावीक उत्तरपत्रिकांचा ढीग संपवण्याचा जो दाब असतो तो आधी कमी केला पाहिजे. मी स्वतः संध्याकाळी पाचनंतर तपासलेल्या काही उत्तरपत्रिकांचे वाईट वाटून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडल्या आहेत. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. माझ्या मते ती न मागताच प्रत्येकाला मिळावी, कारण चूक कुठे झाली हे न कळता पुन्हा बसण्यात काय अर्थ आहे?

मॅडम, निवडीबद्दल आपण जे लिहिले त्याने मी निरुत्तर झालो. खेड्यातील मुलीला जवळची परीक्षा हाच आधार असतो हे मी नीट विचारात घेतले नव्हते. म्हणून मी आता असे म्हणतो: ज्या पदवी अभ्यासक्रमांत जागा पुरेशा आहेत तिथे ठरलेल्या पातळीचे विषय असतील त्याला प्रवेश मिळावा, आणि जिथे जागा अपुऱ्या आहेत तिथे मंडळानेच बारावीच्या पुस्तकावर, त्याच गावांत, त्याच माध्यमांतून एक जादा पेपर घ्यावा. ज्याला त्या अभ्यासक्रमाला जायचे असेल त्यानेच तो द्यावा. उरलेल्या मुलांना त्या शर्यतीत उभे करू नये. विज्ञान शाखेच्या बारावीच्या मुलांना २०२४ पासून पूरक परीक्षेत सर्व विषय पुन्हा देता येतात आणि दोहोंपैकी चांगला निकाल धरला जातो, म्हणजे पुन्हा बसण्याची यंत्रणा राज्यात उभी राहिली आहे. ती दहावीपर्यंत पूर्णपणे आणायची आहे.

न्यू साउथ वेल्सच्या पद्धतीवर एक शंका आहे. सरासरीवरून गुण जुळवायचे तर वर्ग मोठा हवा. बडोद्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत आज दहावीला दहा-बारा मुले उरली आहेत. त्यांपैकी दोन मुले परीक्षेच्या दिवशी आजारी पडली तर सगळ्या वर्गाचे शालेय गुण खाली जातील.


विद्यापीठ_फतेगंज

ही शंका योग्य आहे. लहान गटाला ते गणित लागू पडत नाही. तिथे माणूसच पाठवावा लागेल. चार-पाच लहान शाळांचा एक गट करावा, वर्षातून दोनदा त्या शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांच्या मुलांचे काम, म्हणजे प्रयोगवही, निबंध, प्रकल्प, नावे झाकून तपासावे आणि बाहेरचा एक नियामक त्यात बसवावा. माध्यम वेगळे असले तरी गणित आणि विज्ञान यांसाठी गुजराती माध्यमाच्या शाळाही त्या गटात येऊ शकतील. बडोद्यातील शिक्षकांना दोन्ही भाषा वाचता येतात.

लहान माध्यमांसाठी आणखी एक अट घालावी लागेल. प्रश्नपत्रिका एका भाषेत तयार करून शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या भाषेत उतरवली की परिभाषा घसरते आणि सोपा प्रश्न अवघड होतो. प्रश्न तयार होतानाच त्या माध्यमात शिकवणारा शिक्षक समितीत बसलेला हवा.


यंत्रशाळा_मकरपुरा

हाताच्या कामाच्या परीक्षेलाही हाच नावे झाकण्याचा नियम लावता येईल. मुलाने बनवलेल्या तुकड्यावर फक्त क्रमांक टाकावा आणि तो आमच्यासारख्या दोन कारखान्यांच्या टूलरूममध्ये मोजायला पाठवावा. माप बरोबर आहे की नाही यावर दोन मते होत नाहीत. मकरपुऱ्यात यासाठी वर्षातून दोन दिवस मोकळे करणारे दहा-पंधरा कारखानदार तरी मिळतील, मी स्वतः त्यांत आहे. सर, व्यवहारगणिताचा नमुना पेपर आपण तयार केलात तर माझ्याकडे या जूनमध्ये येणाऱ्या मुलांना तो त्यांच्या परवानगीने देऊन पाहतो आणि कोणत्या प्रश्नावर किती जण अडले ते येथेच लिहितो.


दांडियाबाजारकर

पंधरा प्रश्नांचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत टाकतो. त्यातील निम्मे प्रश्न मराठीत आणि निम्मे गुजरातीत करीन, म्हणजे मुलगा भाषेत अडला की गणितात, हेही आपल्याला दिसेल.